चाबी आपल्या हाती, कुलूप कुणाच्या?

चाबी मोडायला मुहूर्त लागत नाही. मात्र ती मोडते नेमकी अडचणीच्या वेळी, हा बहुतेक जणींचा अनुभव. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतात, पोरगं पेंगुळलेलं असतं, डोक्यावर मे महिन्याचं ऊन असतं, आणि ‘आत्ता येते’ म्हणून आत गॅसवर वरण ठेवलेलं असतं. अशा वेळी ‘कट्’ असा बारीकसा आवाज येतो. चाबीचं डोकं हातात राहतं आणि पातं कुलपाच्या पोटात! (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी हिला किल्ली म्हणतात. आम्हा नागपूरकरांसाठी ती चाबीच.)

इतवारीत तर हा प्रसंग चारचौघांत साजरा होतो. खाली दुकान, वर घर आणि मध्ये अंधारा जिना, ही इथली जुनी रचना. सराफा ओळ असो, किराणा ओळ असो की लोहा ओळ, जिन्याचं दार थेट रस्त्यावर. बाई दारात खोळंबलेली दिसली की पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमतं. एक म्हणतो, “तेल टाका जी वहिनी.” दुसरा कुठून तरी हातोडी पैदा करतो. तिसरा आपल्या जुडग्यातली एखादी चाबी घालून पाहतो आणि अडकलेला तुकडा आणखी आत ढकलतो. चौथ्या काकू मात्र अगदी मायेनं सांगतात, “काहून हात लावता बाई? भाऊजींना फोन करा ना बाप्पा. येतीन थे.”

कुलपाला हात लावत नाही ती फक्त एकटी. जिचं घर आहे, ती! पिशव्या सांभाळत बाजूला उभी. मला बोलायचं आहे ते याच चित्राबद्दल.

आपल्याकडे चाबी आणि बाई यांचं नातं जुनं. कमरेला खोचलेला चांदीचा छल्ला हे घरच्या कर्त्या बाईचं लक्षण. सराफ्यात असे नक्षीचे छल्ले आजही मिळतात. सासूनं सुनेच्या हाती चाब्या दिल्या म्हणजे कारभार दिला, असं मानायची रीत. ऐकायला किती छान वाटतं! पण त्या जुडग्यात चाब्या कशाकशाच्या असायच्या, ते आठवून पाहा. कोठीची खोली, लोणच्या-पापडांचं कपाट, दुधाची जाळी, फार तर लुगड्यांची पेटी. तिजोरीची चाबी बहुतेक घरांत बैठकीतल्या गादीखाली. म्हणजे राखणदारी बाईची, मालकी दुसऱ्याची. आणि कुलूप बिघडलं की राखणदारीही संपली. मग ‘पुरुष माणूस’ येईपर्यंत पायरीवर बसायचं.

खरं तर कुलूप ही काही जादू नाही. शिलाई मशीन, मिक्सर, कुकर यांच्या तुलनेत तर अगदीच साधं यंत्र. आपल्या दारांना आज जी सपाट, दातेरी चाबी असते, तिच्या कुलपाची कल्पना फार पुरातन. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची कुलपं होती. त्याच तत्त्वावर १८६० च्या दशकात लायनस येल या अमेरिकन माणसानं आजचं छोटं कुलूप सिद्ध केलं. आपल्याकडे १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि मग ते नाव घरोघरी पोचलं.

या कुलपाच्या आत एक गोल नळी असते. तिच्यावर बारक्या स्प्रिंगांनी दाबलेल्या पाच-सहा खुंट्या असतात. चाबीचे दाते त्या खुंट्यांना बरोबर मापानं वर उचलतात, तेव्हाच नळी फिरते. इतकंच गुपित. आणि त्यातच मोडलेल्या चाबीचाही खुलासा आहे. चाबी जशी आत जाते, त्याच स्थितीत ती बाहेर येते. अर्धवट फिरलेल्या अवस्थेत मोडली, तर तुकडा कितीही ओढा, तो निघणार नाही. आधी नळी मूळ जागी आणावी लागते. एवढी एक गोष्ट ठाऊक असली, तरी हातोडीवाला सल्लागार आपण दारातूनच परत पाठवू शकतो.

चाबी मोडते का? चाबीवाल्यांना विचारा. ते सांगतात की ती आपोआप क्वचित मोडते, बहुधा मोडली जाते. चाब्या बहुतेक पितळेच्या किंवा तशाच मऊ धातूच्या. आपण तिनं डब्याची झाकणं उचकटतो, पार्सलच्या चिकटपट्ट्या फाडतो. जड दार ओढून घ्यायला मूठ सापडत नाही म्हणून चाबीलाच धरून दार खेचतो. एका कडीत सतरा चाब्या, गाडीची चाबी, वर पितळेचा गणपती, एवढं ओझं रोज त्या पात्यावर लोंबतं. त्यात ती डुप्लिकेटची डुप्लिकेट असेल तर विचारूच नका. दाते थोडे चुकलेले असतात, मग रोज जोर लावावा लागतो. जिथे दात्याची खाच सर्वांत खोल, तिथे आधी केसाएवढी चीर जाते आणि एक दिवस ‘कट्’ होतं.

आपल्या नागपूरची हवासुद्धा यात सामील आहे बरं का. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपार जातो, लाकूड सुकून आकसतं. जून-जुलैत पाऊस लागला की तेच सागवानी दार फुगतं. मग कुलपाचा दांडा चौकटीच्या भोकाला घासतो. दोष दाराचा, आणि आपण जोर लावतो चाबीवर! पावसाळ्यात कुलूप जड जायला लागलं तर एका हातानं दार थोडं आपल्याकडे ओढून किंवा आत रेटून चाबी फिरवून पाहावी. हलकी फिरली तर समजावं की कुलूप ठीक आहे, सुताराकडून चौकटीची पट्टी सरकवून घ्यायला हवी. काम छोटं, पण न केल्यास एखाद्या पावसात आपण जिन्याखाली उभ्या.

आता मोडलीच, तर काय करायचं? आधी हात थांबवायचा. दुसरी चाबी घालायची नाही. खोबरेल तेल, गोडं तेल ओतायचं नाही. त्यावर धूळ चिकटून कुलूप आणखी जाम होतं. फेविक्विकनं दोन तुकडे आतल्या आत जोडण्याचा विचार तर अजिबात नको, कारण त्यानं चाबीऐवजी कुलूपच कायमचं चिकटायचं. उजेड करायचा आणि पाहायचं, तुकड्याचं टोक बाहेर आहे का. असेल तर भुवया कोरायचा चिमटा किंवा बारीक तोंडाची पक्कड पुरते. नळी अर्धवट फिरलेली असेल तर बारक्या पेचकसाच्या टोकानं ती हळूच मूळ जागी आणायची. मऊ शिसपेन्सिलीचा चुरा भोकात फुंकायचा; कोरडं वंगण म्हणून तो उत्तम. तुकडा आत बुडालेला असेल, तर लाकूड कापायच्या बारीक आरीचं पातं दात्यांच्या बाजूनं आत सरकवायचं. पात्याचे दात आपल्याकडे वळलेले हवेत, म्हणजे ओढताना ते तुकड्यात रुततात. पातं किंचित तिरपं करून बाहेर खेचायचं. दोन-चारदा फसतं, पाचव्यांदा येतं. टांगायचं कुलूप असेल तर ते उलटं धरून लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोकलं तरी पुष्कळदा तुकडा खाली येतो.

आणि हो, दोन्ही तुकडे जपून ठेवायचे. ते जुळवून चाबीवाला नवी चाबी कापू शकतो. पंधरा-वीस मिनिटांत जमलं नाही तर सरळ चाबीवाल्याला बोलवायचं, त्यात कमीपणा कसला? जे दार आपण दिवसातून दहादा उघडतो, त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याला ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं. चाबीचा छल्ला मिरवणाऱ्या आपण, आणि घरात पेचकस कुठे ठेवलाय ते विचारायला नवऱ्याला फोन करायचा?

चाबीवाल्याबद्दलही दोन शब्द. फुटपाथवर चाब्यांच्या माळा टांगून बसलेल्या या माणसांकडे आपण उगीच संशयानं पाहतो. “यांना काय, कुणाचंही घर उघडता येतं!” या कामात सिकलीगर समाजाचे पुष्कळ कारागीर आहेत. शस्त्रं घडवणं, त्यांना धार लावणं हा या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय. तलवारींचे दिवस गेले, तसे ते चाब्या आणि लोखंडी भांड्यांकडे वळले. कानशीच्या चार फटकाऱ्यांत मापाचे दाते पाडणारा तो हात एकदा नीट पाहा, मग घासाघीस करताना जीभ जरा अडखळेल. सावधगिरी मात्र हवीच. पैसे आधी ठरवावेत, शेजारणीला सोबत उभं करावं, चाबी आपल्या डोळ्यांसमोर कापून घ्यावी आणि नमुन्याची चाबी लगेच परत घ्यावी.

चांगला चाबीवालाही काही विचारतो. कुलपाला हात लावण्याआधी तो विचारतो, “घर तुमचंच ना, ताई?” विचारायलाच हवं. कुणाचंही दार कुणालाही उघडून देणारा चाबीवाला नकोच आपल्याला. पण या साध्या प्रश्नाला आपल्याकडे कागदावरचं उत्तर काय आहे? विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर. घरटॅक्सची पावती दिरांच्या नावावर. भाड्याचा करारनामा नवऱ्याच्या नावावर. तिच्याजवळ असतं आधार कार्ड, आणि ‘हो, यांना ओळखतो आम्ही’ म्हणणारे शेजारी.

मैत्रिणींनो, चाबी मोडली तर एक दुपार जाते. पण चाबी धडधाकट असून दार उघडलं नाही तर? कुणीतरी कुलूपच बदललेलं असेल तर? माहेरी बाळंतपणाला गेलेली, भांडून चार दिवस बहिणीकडे राहिलेली, नवऱ्याच्या तेराव्यानंतर गावी जाऊन आलेली बाई परत येते आणि जिन्याच्या दाराला नवंकोरं कुलूप दिसतं. कुणी हात उगारलेला नसतो, कुणी शिवी दिलेली नसते. दीडशे-दोनशे रुपयांच्या कुलपात काम झालेलं असतं.

दिल्लीतला एक गाजलेला खटला नेमका इथूनच सुरू झाला होता. सून घरी परतली तर मुख्य दाराला कुलूप! ती कोर्टात गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १५ डिसेंबर २००६ रोजी ‘बात्रा’ खटल्याचा निकाल लागला. घर सासूच्या मालकीचं आहे, म्हणून ते कायद्याच्या भाषेतलं ‘सामायिक घर’ नव्हे. सुनेला तिथे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा अमलात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पुढची जवळपास चौदा वर्षं हा निकाल अनेक जणींच्या दारावरचं दुसरं कुलूप ठरला.

ते निघालं १५ ऑक्टोबर २०२० रोजी. ‘आहुजा’ खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं आधीचा अर्थ चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी स्त्री तिथे संसार करून राहिली असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं, असं स्पष्ट केलं. मे २०२२ मध्ये एका विधवेच्या खटल्यात कोर्टानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. सामायिक घरात राहण्याचा हक्क सांगायला ती त्या घरात प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे, असं नाही. या कायद्याच्या १७ व्या कलमात राहण्याचा हक्क आहे आणि १९ व्या कलमाखाली न्यायदंडाधिकारी तिला घराबाहेर काढू नये असा आदेश देऊ शकतात. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचा विचारही कोर्ट करतंच, आणि तो व्हायलाच हवा. पण ‘कुलूप बदललं की विषय संपला’ ही समजूत आता कायद्यात बसत नाही. अशी वेळ आली तर कुलूप तोडत बसण्यापेक्षा ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करावा, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी. नव्या कुलपाचा, तारखेसह, फोटो काढून ठेवावा.

दोष फक्त सासरलाच द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं मला वाटत नाही. आपणही कागदांचा कंटाळा करतो. “मला काय कळतं त्यातलं?” हे वाक्य किती सहज तोंडून निघतं! महाराष्ट्र सरकारनं २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. पन्नास लाखांच्या घरामागे पन्नास हजार रुपये वाचतात. सवलतीसाठी म्हणून का होईना, पुष्कळ घरांत बाईचं नाव कागदावर आलं. चांगलंच झालं. पण तो कागद घरात कुठे ठेवलाय, हे तिला ठाऊक आहे का? बँकेच्या लॉकरचंही तेच. लॉकरला दोन चाब्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. आपली चाबी तिच्या पर्समध्ये, दागिने तिच्या अंगावरचे, आणि लॉकर मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर! त्याचं काही बरंवाईट झालं तर चाबी हातात असूनही तिला लॉकर सहज उघडता येत नाही. वारसांचे कागद गोळा करत फिरावं लागतं.

चाबी हरवते, मोडते, लागेनाशी होते, हे तर देवाच्या दारीही घडतं. जगन्नाथपुरीच्या मंदिरातल्या रत्नभांडाराच्या आतल्या खोलीची चाबी सापडत नसल्याचं २०१८ मध्ये उघड झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला! शेवटी १४ जुलै २०२४ रोजी भांडार उघडलं, तेव्हा हाताशी असलेल्या चाब्या आतल्या खोलीच्या कुलपांना लागल्या नाहीत आणि कुलपं कापावी लागली. देवाच्या खजिन्यासाठी न्यायमूर्ती आणि अधिकारी एकत्र बसून निर्णय घेतात. आपल्या घरी निदान दोन माणसांनी बसून ‘दुसरी चाबी कुणाकडे’ एवढं तरी ठरवायला काय हरकत आहे?

हे ठरवणं वाटतं तितकं किरकोळ नाही. दाराबाहेर अडकणं हा त्रास आहे. दाराआत अडकणं हा धोका. इतवारीतल्या कितीतरी घरांत आज सत्तरी ओलांडलेल्या आज्या एकट्या राहतात. मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर अमेरिकेत. चोरांच्या भीतीनं गॅलरीला जाळी, जाळीला कुलूप, जिन्याच्या दाराला आतून कुलूप, वर कडी. खाली दुकानात कापड नाहीतर प्लॅस्टिकचा माल भरलेला. गल्ली अशी की हातगाडी आली तरी दुचाकीला मागे सरावं लागतं, तिथे आगीचा बंब कसा शिरणार? अशा घरात आतल्या कुलपात चाबी मोडली तर? म्हणून बाहेर पडायच्या वाटेवरच्या कुलपाची चाबी कायम एकाच जागी, दारापासून हातभर अंतरावर हवी; उशीखाली नको की देवघरातही नको. आतून बिनचाबीचा खटका असलेलं कुलूप बसवता आलं तर सर्वांत चांगलं. जाळीला उघडणारी खिडकी हवीच. लहान मूल किंवा म्हातारं माणूस आत अडकलं तर चाबीवाल्याची वाट पाहत बसू नये, थेट अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा. दार तुटलं तर तुटू द्या. सुतार आहेत इतवारीत.

मला ठाऊक आहे, काही जणी म्हणतील, “घरातलं सगळं बघायचं, त्यात आता कुलपंही आम्हीच दुरुस्त करायची का?” प्रश्न रास्त आहे. घरकामाच्या यादीत आणखी एक काम वाढवावं, असा माझा मुळीच हेतू नाही. पुरुषांनीही कुलूप दुरुस्त करावं, जरूर करावं, आणि सोबत वरणाला फोडणीही द्यावी. पण मदत मिळणं वेगळं आणि मदतीवाचून पायरीवर बसून राहावं लागणं वेगळं. आपल्या मुलीला आपण पोळ्या शिकवतो, स्कूटी शिकवतो, आता मोबाइलवरून पैसे पाठवायलाही शिकवतो. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही एका रविवारी समोर बसवून जुनं कुलूप खोलून दाखवायला किती वेळ लागतो? आमच्या या वस्तीचं नावच मुळी इतवारी, म्हणजे रविवारची!

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करा. घरातल्या सगळ्या चाब्या ताटात काढा. ज्या कशालाच लागत नाहीत, त्या भंगारात टाका. जिच्यावर चीर दिसते, तिची नवी चाबी मूळ चाबीवरून करून आणा. एक चाबी विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा आणि तिची एक आपल्याकडे. घराचे कागद काढा, त्यावर नावं कुणाची आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लॉकरवर आपलं नाव नसेल तर सोमवारी बँकेत जा, सोबत नवऱ्यालाही न्या. आणि बाजारातून येताना लोहा ओळीतून एक बारका पेचकस, एक टोकदार पक्कड घेऊन या. ती घरात कुठे ठेवायची, ते मात्र तुम्हीच ठरवा.